‘व्हावं’ शिकवणारे सर

आमच्या सरांना इंग्रजीतली चूक चालत असे, मराठीतली ऐट चालत नसे. मी पहिल्यांदा त्यांच्या क्लासचा लाकडी जिना चढून वर गेले तेव्हा दारात उभी राहून शाळेत शिकवल्याप्रमाणे विचारलं, "सर, मी आत येऊ शकते का?"

सर उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला ओला दुपट्टा सोडत होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"येऊ शकते का, हे मी कसं सांगू वं? पाय तुझे हायेत. येऊ का, असं विचार."

"येऊ का?"

"ये. जेवून आली का?"

संध्याकाळ नुकती होत होती. त्या वेळेला कोण जेवून येणार? पण हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत आणि उत्तराची वाट न पाहता फळ्याकडे वळत. त्या दिवसापासून माझं नाव ‘शकते’ पडलं. खरी नावं सरांच्या लक्षात राहत नसत. ज्याने पहिल्या दिवशी जी चूक केली, ते त्याचं नाव. एका बस कंडक्टरचं नाव ‘डिस्कस अबाउट’ होतं. टायपिंगच्या नोकरीतली एक मुलगी ‘कझिन ब्रदर’ होती, आणि पुढे तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी सीताबर्डीवर भेटली की आम्ही तिला त्याच नावाने हाक मारायचो आणि ती ओ द्यायची.

क्लास नागपूरच्या सीताबर्डीत होता, एका कापडाच्या दुकानाच्या वर. कुठल्या तरी शाळेने बाद केलेली बाकं, एक फळा आणि एक पंखा. दिवसभर कुठे ना कुठे राबून आलेली माणसं त्या बाकांवर बसत. मी त्यातली रिकामी म्हणायची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत नापास झालेली. सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. इंग्रजी आलं नाही तर पुढचा रस्ता बंद, हे आमच्या इंदोरा वस्तीतल्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

सर मूळचे उमरेडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांचं इंग्रजी डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, समोर कोणी विलायतेहून आलेला साहेब बसला आहे. आणि पुढच्याच क्षणी ते मराठीत बोलायला लागले की आपण उमरेडच्या बाजारात. मधलं काही नव्हतं. पुस्तकी मराठीला ते ‘इस्त्रीचं मराठी’ म्हणत. "इस्त्री कपड्याले करावी," ते म्हणायचे, "जिभेले करून काय करता?"

सकाळी ते बसथांब्यावर इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन उभे राहत. कोटाच्या खिशात लाल पेन्सिल असे. बस येईपर्यंत अग्रलेखातल्या चुका दुरुस्त करून ते पेपर बाकावर ठेवून जात. पुढच्या माणसाला शुद्ध वाचायला मिळावं म्हणून. त्या थांब्यावरची नेहमीची माणसं सरांपासून जरा अंतर राखून उभी राहत.

क्लासच्या खाली, कापडाच्या दुकानाला लागून, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे इंग्रजी बातम्या लागल्या की सर बोलता बोलता थांबायचे, मान तिरपी करायचे आणि फरशीतून येणारा आवाज ऐकायचे. बातम्या निर्दोष गेल्या की त्यांचा चेहरा खुलायचा. एकदा निवेदकाने काही तरी चुकवलं. सर तसेच हातात खडू घेऊन जिना उतरले आणि दुकानदाराला म्हणाले, "हे बरोबर नाही."

दुकानदार शांतपणे म्हणाला, "सरजी, मैं रेडियो सुधारता हूँ, खबरें नहीं."

सर वर आले आणि तासभर त्याच्या उत्तराची तारीफ करत राहिले. कमी शब्दांत पुरं बोलणारा माणूस त्यांना फार आवडायचा.

कुणी वाक्य चुकलं तर ‘चूक’ हा शब्द सर वापरत नसत. ते विचारत, "हे कोण बोलून राहिलं?" सुरुवातीला कळायचंच नाही. मग ते समजावत. प्रत्येक वाक्याच्या मागे एक माणूस उभा असतो. त्याला काही माहीत असतं म्हणून तो बोलतो, किंवा त्याला काही हवं असतं म्हणून, किंवा त्याला कसली तरी भीती वाटत असते म्हणून. "तो माणूस आधी पाहा," सर सांगत. "तो दिसला का क्रियापद आपोआप जागेवर येते."

या सगळ्यात त्यांचा जीव ज्याच्यात होता तो धडा म्हणजे सब्जंक्टिव्ह मूड. पोरं त्याला ‘सब्जी मूड’ म्हणायची. इतर क्लासवाले तो अर्ध्या तासात उरकत किंवा गाळून टाकत, कारण परीक्षेत त्याला जेमतेम एक मार्क. सर त्याच्यावर सबंध पावसाळा खर्च करायचे. कंडक्टरने एकदा धीर करून विचारलं, "सर, एका मार्कासाठी एवढं काहून?"

"परीक्षेत एक हाय गा," सर म्हणाले. "जिंदगीत किती हायेत ते मी नाही मोजले."

धड्याची सुरुवात ते कधीही इंग्रजीतून करत नसत. त्या वर्षी त्यांनी मला उभं केलं.

"शकते, तू पाया पडली का तुझी आजी काय म्हणते?"

"देव तुझं भलं करो."

"करो. ‘करते’ काहून नाही म्हणत? देव तुझं भलं करते, असं?"

मागून कंडक्टर म्हणाला, "देव करते का नाही, तिले काय मालूम, सर?"

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांना हवं ते उत्तर मिळालं की ते हातातली वस्तू खाली ठेवत.

"हां. ‘करते’ म्हणलं त बातमी झाली. ‘करो’ म्हणलं त आशीर्वाद झाला. इंग्रजाचंबी असंच हाय. ‘गॉड ब्लेसेस यू’ म्हणजे बातमी. ‘गॉड ब्लेस यू’ म्हणजे आशीर्वाद. शेवटचं ‘एस’ गळून पडलं, अन् तेथं माणसाचं मन आलं."

मग ‘इज’ आणि ‘बी’. ‘इज’ म्हणजे आहे. ‘बी’ म्हणजे नाही, पण असावं. कुणी तरी मागतं आहे, सुचवतं आहे, आग्रह धरतं आहे, आणि ती गोष्ट अजून झालेली नाही. काही पुस्तकांत तिथे ‘शुड बी’ लिहिलेलं असायचं. सरांना ते सहन होत नसे. "शुड म्हणजे पाणी घातलेलं दूध," ते म्हणत. "चालते. पण आपल्या घरी म्हैस असताना काहून प्यायचं?"

हे नुसतं शिकवण्यापुरतं नव्हतं. मी एकदा त्यांच्या गोकुळपेठेतल्या घरी गेले होते. सर पेपरात डोकं घालून बसले होते. आतल्या दिशेने त्यांनी सांगितलं, "चहा व्हावा."

काकू बाहेर आल्या. सरांची बायको म्हणजे बारीक अंगाची, हसऱ्या डोळ्यांची बाई. त्या मला म्हणाल्या, "ऐकलं का? लग्न झालं तेव्हापासून असंच चालू हाय. चहा व्हावा, भाकरी असावी, दार लावलं जावं. ‘व्हावा’ म्हणलं का आपोआप होते का? कर म्हणा न."

"कर म्हणलं त हुकूम होते," सर पेपरातूनच म्हणाले. "मी तुले कधी हुकूम केला का?"

"नाही केला. पण चहा मीच केला."

सरांनी पेपर खाली ठेवला, उठले आणि आत जाऊन स्वतः चहा केला. फार गोड झाला होता. काकू तो पिताना एका अक्षराने काही बोलल्या नाहीत. नंतर मला त्यांनी सांगितलं की चूक असलेल्या लग्नपत्रिका सर लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवतात, आणि त्यापायी अर्ध्या नागपूरच्या पंगती त्यांना हुकल्या आहेत.

त्या दिवशीच मला सरांची जुनी नोकरी कळली. नागपूर राजधानी होती त्या काळात सर सचिवालयात होते. सरकारी ठराव आणि आदेश यांचे इंग्रजी मसुदे ते लिहीत. अमक्याची नेमणूक केली जावी, तमक्याची जमीन मोकळी केली जावी. पुढे राजधानी गेली, बरोबरचे लोक बाडबिस्तरा बांधून मुंबईला गेले. सर गेले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिकडचं मराठी मले झेपत नाही." काकूंनी ते वाक्य पुढे नेलं नाही; पण सरांची म्हातारी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती आणि नागपूर सोडायला तयार नव्हती, एवढं त्या मला निरोप देताना दाराशी सांगून गेल्या.

सरांचं शेवटचं आजारपणही मला काकूंकडूनच कळलं. तेव्हा मी खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. काकू म्हणाल्या, डॉक्टर खाटेशी आले आणि मला धीर द्यायला म्हणाले, काळजी करू नका, बरे होतील. तर हे डोळे मिटून पडले होते ते बोलले, "होतील नाही, डॉक्टर. होवोत म्हणा. तुमाले काय मालूम?" डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, "बरं, होवोत." हे सांगताना काकू हसल्या, मग चष्मा काढून पदराने पुसत बसल्या.

पण सर म्हटलं की मला दवाखाना आठवत नाही. मला हिंगण्याचा तो दिवस आठवतो.

माझा मोठा भाऊ, दादा, हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या पॉवर प्रेसवर होता. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा दादा त्यांच्या खांद्यावर बसून ती गर्दी पाहत होता. वडील गिरणीत होते. त्यांना दम्याने घरी बसवलं आणि दादाने मॅट्रिक अर्धवट सोडून काम धरलं. क्लासला मला त्यानेच घातलं. "तू शीक," म्हणाला, "मी मशीन पाहतो."

पॉवर प्रेसला पुढे एक लोखंडी जाळी असते. हात साच्याखाली जाऊ नये म्हणून. कागदोपत्री तिला गार्ड म्हणतात. त्या दिवशी दादाच्या मशीनची जाळी वेल्डिंगला गेली होती. दादाने सुपरवायझरला सांगितलं, जाळी लावा मग चालू करतो. सुपरवायझर मद्रासकडचा तरुण इंजिनिअर होता, माणूस वाईट नव्हता. पण वरून माल आजच गेला पाहिजे असा तगादा आला आणि मशीन जाळीशिवाय सुरू झालं. दुपारपर्यंत दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हाताला पट्टी होती तोवरच आरोपपत्र घरी आलं. जाळी बसवलेली आहे असं दादाने ठासून खोटं सांगितलं आणि निष्काळजीपणे मशीन सुरू केलं, असं त्यात होतं. आधार म्हणून त्या सुपरवायझरचा इंग्रजी शिफ्ट रिपोर्ट आणि कारखान्याने केलेलं त्याचं मराठी भाषांतर जोडलेलं. तो सुपरवायझर तोवर नोकरी सोडून परदेशी गेला होता. त्याला विचारायची सोय नव्हती.

दादा भिंतीला टेकून बसला होता. "मी असं म्हणलोच नाही," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "जाळी हाय असं मी कसं म्हणीन? जाळी नव्हती म्हणून त मी बोललो."

मी इंग्रजी कागद वाचला. दादाबद्दल त्यात एकच वाक्य होतं. ऑपरेटर इन्सिस्टेड दॅट द गार्ड बी इन पोझिशन बिफोर स्टार्टिंग. त्यातला ‘बी’ माझ्या डोळ्यांत अडकला, पण त्याचं काय करायचं ते सुचेना. मी तो कागद घेऊन क्लासला गेले आणि सरांसमोर ठेवला.

सरांनी वाचला. मग मराठी भाषांतर वाचलं. मग पुन्हा इंग्रजी.

"या वाक्यात कोण बोलून राहिलं, वं?"

"दादा."

"तो काय म्हणून राहिला? जाळी हाय म्हणून राहिला, का जाळी पाहिजे म्हणून राहिला?"

"पाहिजे, सर."

सरांनी चष्मा काढला आणि वर्गाला म्हणाले, "आज घरी जा." सरांनी तास सोडलेला मी तोवर पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी ते माझ्याबरोबर इंदोऱ्याला आले, आमच्या ओसरीत दादाशेजारी बसले आणि त्याच्याकडून सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदाही त्यांनी त्याचं वाक्य तोडलं नाही.

चौकशीच्या दिवशी सर सचिवालयातला काळा कोट घालून आले. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. दादाच्या बाजूने बोलणाऱ्या युनियनच्या माणसाने सरांना भाषेचे साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. आम्ही बसने हिंगण्याला पोचलो. शिफ्ट बदलायची वेळ होती. फाटकाशी सर थांबले आणि भिंतीवरची एक पाटी वाचत उभे राहिले. मग आत जाणाऱ्या कामगारांच्या पायांकडे पाहत राहिले. मला वाटलं त्यांना ऊन लागलं. मी म्हटलं, "सर, उशीर होते." ते म्हणाले, "होऊ दे."

कॅन्टीनशेजारच्या खोलीत चौकशी होती. चौकशी करणारे एक वकील होते, गंभीर आणि थकलेले. कारखान्यातर्फे पर्सोनेल ऑफिसर होते, इस्त्रीच्या कपड्यातले आणि इस्त्रीच्या मराठीतले. दादा खुर्चीच्या टोकावर बसला होता, पट्टीचा हात दुसऱ्या हातात धरून. मला दाराशी बसू दिलं.

सरांनी सांगितलं, ‘इन्सिस्टेड’ म्हणजे ठासून सांगितलं किंवा आग्रह धरला; त्यातलं कुठलं, ते पुढचं क्रियापद ठरवतं. इथे ‘बी’ लिहिलं आहे. ‘इज’ नाही, ‘वॉज’ नाही. म्हणून ऑपरेटरने जाळी आहे असं सांगितलं नाही. जाळी असावी असा आग्रह धरला.

पर्सोनेल ऑफिसर हसले. "सर, तुमचा मान राखून सांगतो. घाईघाईत लिहिलेला रिपोर्ट आहे. लिहिणाऱ्याला ‘वॉज’ म्हणायचं असेल आणि ‘बी’ पडलं असेल. एका अक्षरावर तुम्ही सगळा डोलारा उभा करताय."

वकिलांनी सरांकडे पाहिलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पाणी मागितलं, प्याले आणि म्हणाले, "हे खरं हाय. माणूस घाईत चुकते. त्याच्या हातचं बाकीचं पान वाचावं."

वकिलांनी वाचलं. त्या पानावर त्या तरुणाने जिथे जे घडलं होतं तिथे ‘वॉज’ लिहिलं होतं. लाइट वॉज ऑफ. साचा बदलला, तेल घातलं, सगळं ‘वॉज’. ‘बी’ त्या एकाच ठिकाणी होतं.

"त्याले फरक माहीत होता," सर म्हणाले.

"तरीही," पर्सोनेल ऑफिसर म्हणाले, "हे असलं इंग्रजी कारखान्यात कोण वापरतं? ही सचिवालयातली भाषा आहे."

सर त्यांच्याकडे वळले. "साहेब, तुमच्या फाटकावर एक पाटी हाय. तिच्या खाली तुमची सही हाय. मॅनेजमेंट इन्सिस्ट्स दॅट सेफ्टी शूज बी वॉर्न बाय ऑल वर्कमेन. याचं मराठी काय होईन?"

"व्यवस्थापनाचा आग्रह आहे की सर्व कामगारांनी सुरक्षेचे बूट घालावेत."

"घालावेत. घालतात असं नाही?"

पर्सोनेल ऑफिसरांनी वकिलांकडे पाहिलं.

"मी आत्ता फाटकावर उभा राहून पाह्यलं," सर म्हणाले. "सगळ्याइच्या पायात चपला होत्या. म्हणजे ‘घालतात’ म्हणलं त तुमची पाटी खोटी होते. ‘घालावेत’ म्हणलं त खरी होते. शब्द तोच हाय साहेब, ‘इन्सिस्ट’. पुढं ‘बी’ तेच हाय. तुमच्या पाटीत त्याचं ‘घालावेत’ होते, मंग या पोराच्या वाक्यात ‘आहे’ काहून होते?"

वकिलांनी पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिले. उठताना सर पर्सोनेल ऑफिसरजवळ गेले. मला वाटलं आता ते त्यांना चार शब्द सुनावतील. पण सर एवढंच म्हणाले, "तुम्ही खोटं नाही लिहिलं. तुमाले फक्त ‘बी’ दिसला नाही. आता दिसन." त्या माणसाने सरांना फाटकापर्यंत सोडलं.

खोटं सांगितल्याचा आणि निष्काळजीपणाचा आरोप सिद्ध होत नाही, असा निकाल आला. दादाची नोकरी राहिली. प्रेसवर तो पुन्हा उभा राहू शकत नव्हता, म्हणून त्याला स्टोअरमध्ये दिलं. निकालाच्या दिवशी आम्ही पेढे घेऊन सरांकडे गेलो. घरात आनंद होता, पण दादा आतून निवलेला नव्हता. काकू आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, मी त्या दिवशी अजून थोडं अडून बसलो असतो त माझी बोटं राह्यली असती."

सरांनी त्याला जवळ बसवलं. मग म्हणाले, "वाक्य बरोबर हाय गा. एकबी चूक नाही. पण त्या वाक्यात राहायले नोको जाऊ."

स्टोअरमध्ये मालाची कार्डं इंग्रजीत भरावी लागत. दादाचं इंग्रजी म्हणजे स्वतःची सही. सर म्हणाले, याला क्लासला पाठवा. दादाला लाज वाटत होती. धाकट्या बहिणीच्या बाकावर कोण बसणार? शेवटी काकूंनी त्याला दम दिला आणि तो आला. मागच्या बाकावर बसायचा. तीन बोटांत पेन धरायला शिकला. अक्षर वाकडं यायचं. सर ते अक्षर कधी नीट कर म्हणाले नाहीत. पहिल्या दिवशी दादा दारात काहीच न बोलता उभा राहिला होता, त्यामुळे त्याला चुकीचं नाव पडलं नाही. साऱ्या क्लासात फक्त त्यालाच सर त्याच्या नावाने हाक मारत.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तो धडा आला. मी तेव्हा पास झाले होते, पण सब्जंक्टिव्हचे तास ऐकायला अजून जात होते. सरांनी फळ्यावर अर्धं वाक्य लिहिलं. इफ आय वेअर, पुढे रेघ, आय वुड, पुढे रेघ.

"‘आय’ एकटा हाय," सर म्हणाले. "मंग ‘वॉज’ सोडून ‘वेअर’ काहून? कारण हा ‘आय’ खरा नाही. मी राजा असतो त, मी पाखरू असतो त. मी राजाबी नाही अन् पाखरूबी नाही. जे नाही, अन् आता काही होतबी नाही, ते सांगायले इंग्रजाने हे ‘वेअर’ ठेवलं. आता एकेकाने रेघा भरा."

बाकांवरून वाक्यं येऊ लागली. कुणी मिनिस्टर असतं, कुणी श्रीमंत असतं. कंडक्टर म्हणाला, तो ड्रायव्हर असता तर बस वेळेवर आणली असती. सगळे हसले. सरही हसले. मग त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

दादा उभा राहिला. मनात जुळवून ठेवलेलं असावं, कारण तो न अडखळता बोलला. इफ आय ॲम सुपरवायझर, आय विल पुट द गार्ड फर्स्ट.

वर्ग थांबला. फळ्यावर ‘वेअर’ लिहिलेलं होतं आणि हा ‘ॲम’ म्हणाला होता. दादासाठी मीच मनातल्या मनात ते वाक्य दुरुस्त करू लागले.

सरांनी विचारलं, "‘ॲम’ काहून गा? मी आत्ता काय सांगतलं?"

"ऐकलं, सर," दादा म्हणाला. "‘वेअर’ म्हणलं त ते होणार नाही असं होते. तुमीच म्हणलं. पण मले व्हायचं हाय."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. खाली रेडिओच्या दुकानात कुठलं तरी गाणं चालू होतं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग सरांनी तो खडू पुन्हा उचलला, फळ्यावरचं ‘वेअर’ आणि ‘वुड’ पंजाने पुसलं, तिथे ‘ॲम’ आणि ‘विल’ लिहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या."